आधी विहीर, मग गुहा

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे, गणित घेऊन. मेघालयातल्या गुहांचे व्हिडिओ बघून तिनं डोक्यात घेतलंय की चुनखडीच्या खडकातून आणि गुहांमधून भूजल कसं वाहतं, तेच शिकायचं. बाबा म्हणतात सिव्हिल घे. मला थायलंडच्या गुहेत अडकलेली मुलं आठवतात. यात पोट भरतं का? – एक आई, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : ताई, आधी पोटाचंच बोलू. ‘गुहातज्ज्ञ पाहिजे’ अशी जाहिरात आपल्याकडे निघत नाही, भूजलतज्ज्ञाची निघते. केंद्रीय भूजल मंडळातली सायंटिस्ट-बी ही जागा यूपीएससीच्या कम्बाइन्ड जिओ-सायंटिस्ट परीक्षेतून भरतात. सौराष्ट्रात सिमेंटसाठी चुनखडीच्या खाणी आहेत, शिवाय देशभर बोगदे आणि धरणांची कामं आहेत. पाणी कुठून शिरेल, कुठे मुरेल हे सांगणारा माणूस तिथे लागतो. सुरुवातीचा पगार आयटीवाल्या चुलतभावाच्या पगाराशी लावू नका, उगाच घरात कुरबूर होईल.

आता विषय. बडोदं नद्यांच्या गाळावर बसलंय. इथलं पाणी वाळूतून हळूहळू झिरपतं, गाळलंही जातं. चुनखडीत तसं नसतं. पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं आणि खडकातली फट विरघळवत जातं. फट रुंदावली की जास्त पाणी तिकडेच ओढलं जातं, ती आणखी रुंदावते, आणि हजारो वर्षांत तिचा बोगदा होतो. मग एकाच डोंगरात एका भेगेत पाणी जवळपास थांबलेलं, तर शेजारच्या नळीत दिवसाला काही किलोमीटर पळणारं.

1877 मध्ये जर्मनीत इमेंडिंगेनजवळ, जिथे डॅन्यूब नदीचं पाणी पात्रातच गडप होतं, तिथे ते पुढे कुठे निघतं हे बघायला 10 किलो फ्लोरेसीन हा रंग ओतला. साधारण 60 तासांनी 12 किलोमीटरवरचा आखचा झरा हिरवागार झाला. आजही हेच करतात, फक्त डोळ्यांवर विसंबत नाहीत. जाळीच्या पुरचुंडीत सक्रिय कोळसा भरून ती झऱ्यात टांगून ठेवतात, काही दिवसांनी काढतात आणि कोळशाने धरलेला रंग प्रयोगशाळेत सोडवून यंत्रावर मोजतात. जो रंग इतक्या वेगानं पोचतो, त्याच वाटेनं गावाचं सांडपाणीही पोचतं. गाळायला मधे वाळू नाही. माझ्या मते या अभ्यासाचं खरं मोल इथे आहे.

थायलंडची भीती रास्त आहे. जून 2018 मध्ये थाम लुआंगमध्ये 12 मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक अडकले ते पावसाचं पाणी गुहेत भरल्यामुळे. पण सुटकेच्या वेळी पंपांइतकंच महत्त्वाचं काम वर डोंगरावर चाललं होतं : गुहेत उतरणारे ओहोळ शोधून वळवणं. तुमच्या लेकीला शिकायचंय ते हेच. पावसाळ्यात गुहेत उतरायचं नाही आणि एकट्यानं कधीच नाही, हे या क्षेत्रात पहिल्या दिवशी शिकवतात. शिवाय वर्षातले बहुतेक दिवस ती झऱ्याकाठी किंवा संगणकासमोर असेल. हे तिला सांगा, कारण व्हिडिओत ते नसतं.

सिव्हिल चूक नाही. जलविज्ञानात स्थापत्य अभियंतेही असतात. पण खडक वाचायची सवय तिथे लागत नाही. मी बीएससी जिऑलॉजी म्हणेन. एमएस युनिव्हर्सिटीत विभाग आहे, घर सोडायला नको. पुढे जॅम ही प्रवेशपरीक्षा देऊन आयआयटीत एमएससी. रुरकीला राष्ट्रीय जलविज्ञान संस्थाही आहे. निव्वळ चुनखडीतल्या पाण्यावर पीएचडी करायची झाली तर स्लोव्हेनियात पोस्टोयना इथे त्याच विषयाची संशोधन संस्था आहे. गणित मात्र सोडू देऊ नका, प्रवाहाची सगळी समीकरणं तिथेच येतात.

तोवर एक काम द्या. आर.ओ. दुरुस्तीला येणाऱ्याकडे असतो तसा टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, आणा. सोसायटीच्या बोअरचं पाणी दर रविवारी मोजून वहीत लिहायचं, तारीख आणि पाऊस यांच्यासह. बहुधा आकडा फारसा हलणार नाही, ती कंटाळेल. कधी सोमनाथला गेलात तर मीटर बरोबर न्या. तिथली किनारपट्टी मिलिओलाइट नावाच्या चुनखडीची, आणि भरमसाट उपशामुळे समुद्राचं पाणी आत घुसलेलं. किनाऱ्याजवळच्या आणि आतल्या गावच्या विहिरीतला फरक तिला स्वतः दिसेल.

पावसाळाभर वही चालली तर पुढचं पत्र तिलाच लिहू द्या, म्हणजे जॅमच्या तयारीचं बोलू.