रविवारची परीक्षा आधी बंद करा

ऐरोलीतील एका वडिलांनी लिहिले आहे की, त्यांच्या पाचवीतील मुलासाठी त्यांनी संगणक व तंत्रज्ञान या विषयांवरची चौदा बालपुस्तके आणली, रोज वीस पाने वाचण्याचे वेळापत्रक आखले आणि दर रविवारी पंचवीस गुणांची परीक्षा सुरू केली. आता मुलगा पुस्तके पलंगाखाली लपवतो आणि गुण नऊवर आले आहेत. आठवीपर्यंत त्याला पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा यावी व पुढे आयआयटीत कॉम्प्युटर शाखा मिळावी, यासाठी त्यांना आणखी पुस्तकांची यादी हवी आहे.

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा नऊ गुणांपाशी नव्हे, तर पलंगाखालच्या पुस्तकांपाशी अडखळलो. मे महिन्यात मुलगा ही पुस्तके जेवतानाही खाली ठेवत नव्हता, असे आपण सुरुवातीला लिहिता. परीक्षा जूनमध्ये सुरू केली, हे त्यानंतर चार परिच्छेदांनी येते. ही दोन वाक्ये कृपया शेजारी ठेवून वाचा. मुलाचा कंटाळा आपल्याला आळस वाटतो. मला तो त्या परीक्षेचा परिणाम वाटतो.

त्याहून अधिक काळजी मला दुसऱ्या एका ओळीने वाटली. ‘समुद्राखालची केबल तुटली तर मेसेज कसा पोहोचतो?’ असे तो तीनदा विचारतो आणि आपण त्याला ‘अवांतर प्रश्न विचारून वेळ काढणे’ म्हणता. हा प्रश्न अवांतर नाही. संगणकांच्या जाळ्याचा काही भाग निकामी झाला तरी संदेश पोहोचावा, म्हणून त्याचे लहान तुकडे करून प्रत्येक तुकडा मोकळ्या वाटेने पाठवावा, ही कल्पना अमेरिकेतील पॉल बॅरन यांनी 1960 च्या दशकात मांडली आणि आजचे इंटरनेट त्याच तत्त्वावर चालते. मुलाला हे ऐरोली स्थानकावर उभे राहूनही समजावता येईल. सीएसएमटीला ठाण्यावरून मुख्य मार्गाने जाता येते, तसेच वाशीवरून हार्बर मार्गानेही. एकीकडे गाड्या अडकल्या की लोक दुसरीकडून जातात. घरातील चौघे वेगवेगळ्या गाड्यांनी निघून सीएसएमटीला पोहोचले आणि ठरलेल्या क्रमाने उभे राहिले, तर तुकड्यांतून संदेश पुन्हा कसा जुळतो, हे त्याला कायमचे कळेल.

‘गोष्टींची’ म्हणून आपण तीन पुस्तके कपाटात बंद केलीत, त्यामागे एक मोठा गैरसमज आहे: ज्या पुस्तकात प्रोग्राम लिहायला लावत नाहीत, ते संगणकाचे पुस्तकच नव्हे. हजार पानांच्या शब्दकोशात शब्द शोधताना दर वेळी मधले पान उघडून नको तो अर्धा भाग सोडत गेले, तर जास्तीत जास्त दहा वेळांत नेमके पान सापडते. संगणकशास्त्रातील ही पायाभूत रीत दहा वर्षांच्या मुलाला पडद्याशिवाय, गोष्टीतूनही शिकता येते. फिनलंडच्या लिंडा लिउकास यांच्या ‘हॅलो रूबी’ या पुस्तकात तर एका लहान मुलीची गोष्ट आणि कागद-पेन्सिलीचे खेळ यांतूनच प्रोग्रामिंगचा विचार शिकवला आहे. आपण कपाटात ठेवलेली पुस्तके कदाचित चौदांपैकी सर्वांत उपयोगाची असतील.

आयआयटीविषयी एवढेच सांगतो की, तिथली प्रवेशपरीक्षा, जेईई, गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र या विषयांवर होते, तिच्यात पायथन विचारत नाहीत. त्या तयारीचा विचार दहावीच्या सुमारास करावा.

नव्या पुस्तकांची यादी मी आज मुद्दामच देत नाही. येत्या रविवारी परीक्षा न घेता त्याला सोबत घेऊन ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जा. 1893 पासून चालत आलेली ती संस्था आपल्यापासून फार दूर नाही. तेथे त्याला हवे ते पुस्तक, विषय कोणताही असो, स्वतः निवडू द्या. ती तीन पुस्तके मात्र रविवारची वाट न पाहता आज संध्याकाळीच कपाटातून काढून त्याच्या हातात द्या.