तयारी कुठे अडली होती

"ताई, सेवेला बोलावणं आलंय, पण मन तयार नाही." बेळगावात शनिवारी दुपारी मी चर्चमागच्या खोलीत बसते, तिथे हे वाक्य वरचेवर ऐकायला मिळतं. कुणाला रविवारच्या शाळेत शिकवायला सांगितलेलं असतं, कुणाच्या गळ्यात वस्तीतली प्रार्थनासभा पडलेली असते. पाळकसाहेबांसमोर माणूस होय म्हणून येतो आणि मग त्याची झोप उडते.

त्यातल्याच एकीची ही गोष्ट. तिला विचारून लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदलून.

वय तिशीच्या आसपास, मूळ खानापूर तालुक्यातली, आता घर शहरात. एका दुकानात हिशेब लिहिते. मंडळीतल्या बायका दर गुरुवारी एका मोठ्या दवाखान्यात रुग्णांना भेटायला जातात, त्यात तिलाही घेतलं होतं. दोनदा गेली. मग आठ महिने गेलीच नाही.

"अजून मन शुद्ध झालं नाही बघा, ताई. रोज पाचला उठतो, तासभर प्रार्थना करतो, शुक्रवारी उपास धरतो. तरी वॉर्डाच्या दारात पाय जड होतात." (आमच्याकडे बायकाही 'उठतो', 'करतो'च म्हणतात.)

माझ्याकडून तिला आणखी एखादा उपास हवा होता. मी विचारलं, "दुसऱ्यांदा गेलीस तेव्हा काय झालं?"

बराच वेळ ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग बोलली. खाटेवर एक म्हातारी होती, सौंदत्तीकडची. हिला बघून ती डोक्याला हात लावून पुन्हा पुन्हा म्हणत होती, "तली तिरगाकत्तैती." डोक्याचं काहीतरी आहे, एवढंच हिला कळलं. डोक्यावर हात ठेवून प्रार्थना कर म्हणतेय, असं समजून हिने हात ठेवला, डोळे मिटले आणि मराठीत मोठ्याने प्रार्थना सुरू केली. म्हातारीला चक्कर येत होती. आमेन म्हणायच्या आत ती हिच्या ओढणीवर भडाभडा ओकली. सिस्टर धावत आली आणि कानडीत काहीतरी तोडून बोलली. शेजारच्या खाटेवरचे हसले.

"मग कानडी शीक," असं मी म्हटलं असतं तर विषय पाच मिनिटांत मिटला असता, पण भलत्याच जागी. ही मुलगी याच भागात वाढली, बाजारात भाजी घेते, दुकानात गिऱ्हाईक बघते. चक्कर येतेय हे तिला कळू नये, हे मला पटेना. तसं बोलून दाखवलं. तिने मान खाली घातली.

"थोडी येते की. जास्त यावी असं मला वाटतच नाही, ताई."

आठ महिने पाचला उठून जे सापडलं नव्हतं ते हे होतं. वडील दर 1 नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या फेरीत असतात, बेळगाव कानडी राज्याला जोडलं गेलं ती 1956 ची जखम त्यांच्या बोलण्यात कालची असल्यासारखी येते. जेवताना कुणाच्या तोंडून कानडी शब्द निघाला तर ताट सरकवतात. त्या ताटाचा आवाज ऐकत ही मोठी झाली. सीमाप्रश्नावर मी काही बोलले नाही. महाराष्ट्राने तो 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात नेला आहे, माझ्या खोलीत तो सुटायचा नाही. मीही मराठीच, वडिलांचं दुःख मला परकं नाही. पण म्हातारी काही फेरीत भेटली नव्हती, खाटेवर भेटली होती.

"पाचच्या प्रार्थनेत 'मन शुद्ध कर' म्हणायचं बंद कर," मी म्हटलं. "ही माणसं मला आवडत नाहीत, असं म्हणून बघ."

ती दचकलीच. "देवाला असं कसं सांगायचं?"

तीन शनिवार तिला ते जमलं नाही. चौथ्या शनिवारी आली ती डोळे सुजवून. काय बोलली देवाशी, ते मी विचारलं नाही.

त्या दिवशी आम्ही बायबलमधल्या नहेम्याचा पहिला आणि दुसरा अध्याय वाचला. नहेम्या म्हणजे परक्या राजाच्या चाकरीतला यहुदी. यरुशलेमचा तट मोडून पडल्याची बातमी त्याला किसलेव महिन्यात कळते, राजापुढे तो तोंड उघडतो नीसान महिन्यात. मधले चार महिने उपास आणि प्रार्थना. हा भाग आपल्या मंडळ्यांत सगळ्यांना पाठ. पण राजाने 'तुला काय पाहिजे' विचारल्यावर त्याच्या तोंडून काय निघतं? किती दिवसांत परत येणार त्याची मुदत, नदीपलीकडच्या अधिकाऱ्यांना पत्रं, आणि वनाचा रखवालदार आसाफ याला वाशांच्या लाकडासाठी वेगळं पत्र. म्हणजे गुडघ्यावर असतानाच गड्याने लाकडाचा हिशेब केला होता. हिशेब लिहिणाऱ्या बाईला हे लगेच भिडलं.

पंडिता रमाबाईंचं नाव मी मुद्दाम काढलं नाही. जन्म 1858 चा, आजच्या कर्नाटकातल्या गंगामूळचा; आणि साध्या बायकांना कळेल असं मराठी बायबल करायचं म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. उदाहरण चोख आहे. पण खचलेल्या माणसाला मोठ्यांची उदाहरणं दिली की तो आणखी खचतो, हे मी बऱ्याचदा पाहिलंय.

पुढचं अगदी साधं. वॉर्डातल्या आयाकडून दहा वाक्यं घ्यायची, देवनागरीत वहीत उतरवायची. पहिले चार गुरुवार एकाच खाटेशी बसायचं, कुणी मागितल्याशिवाय प्रार्थना करायची नाही. ही अट तिला फार जड गेली. प्रार्थना न करता सेवा कसली, म्हणे.

'मन तयार नाही' म्हणणाऱ्या प्रत्येकाचं असंच असतं असं नाही. घरात नुकतंच मरण झालेलं, रात्र-रात्र झोप नसलेली, घरच्या कटकटीतून सुटायला सेवेत पळू बघणारी माणसंही येतात. त्यांना मी थांबायला सांगते. झाडाखाली मरण मागत पडलेल्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने दोनदा उठवून खाऊ घातलं आणि मधे झोपू दिलं. पुढच्या वाटेचा विषय दुसऱ्या भाकरीच्या वेळी निघाला. झोप लागत नसेल तर आधी डॉक्टर.

दोन महिन्यांनी ती वही घेऊन आली. कोपरे मऊ पडलेले, एका पानावर हळदीचा डाग. गोकाककडच्या एका बाईला तिने "ऊट आत्री?" विचारलं होतं. जेवण झालं का, बस. त्यावर बाईने सुनेपासून म्हशीपर्यंत सगळं सांगितलं. निम्मंअधिक डोक्यावरून गेलं. हिने मधे-मधे "हौद्री", म्हणजे हो हो, म्हणत वेळ मारून नेली.

"आता मन तयार वाटतं?" मी विचारलं.

"छे. दारात अजून पोटात गोळा येतो."

"आणि बाबा?"

वही त्यांनी पाहिली होती. चाळली, मिटली, टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "दवाखान्यापुरतं ठीक आहे. जेवताना नको."