रिफ्लेक्टेड पॉवरच्या वादात खरं कोणाचं मानायचं?

तुमचा प्रश्न असा की एक पीएचडीवाले सर म्हणतात अँटेनाकडे जाणाऱ्या केबलवरून, म्हणजे लाईनवरून, परत आलेली (रिफ्लेक्टेड) सगळी पॉवर ट्रान्समीटरमध्येच जळते, आणि ४० वर्षं अँटेना बांधणारे एक हॅम (हौशी रेडिओवाले) म्हणतात ती कधीच जळत नाही, मग आपण कोणाचं ऐकायचं.

मी डिग्री आणि अनुभव दोन्ही थोडा वेळ बाजूला ठेवतो आणि एकच गणित धरतो. १०० व्होल्ट आरएमएसचा सोर्स, सिरीजमध्ये ५० ओहमचा रेझिस्टर, पुढे ५० ओहमची लॉसलेस (स्वतः काही न जाळणारी) लाईन, आणि तिचं टोक ओपन, म्हणजे काहीच न जोडलेलं. वॅटमीटर फॉरवर्ड (पुढे जाणारी) ५० वॅट दाखवणार, रिफ्लेक्टेड पण ५०. आता लाईन अर्धी वेव्हलेंग्थ लांब असेल तर सोर्सला ओपनच दिसतं, करंट शून्य, म्हणजे रेझिस्टरमध्ये काहीच जळत नाही. तीच लाईन पाव वेव्हलेंग्थ करा, सोर्सला शॉर्ट दिसतो, करंट २ अँपिअर आणि रेझिस्टरमध्ये चक्क २०० वॅट! मीटरचं रीडिंग मात्र दोन्ही वेळा तेच. म्हणजे "सगळी जळते" पण चूक आणि "कधीच जळत नाही" पण चूक, कारण सोर्सच्या आत व्होल्टेज आणि करंट फेजसकट मिळवावे लागतात, नुसत्या वॅटची बेरीज तिथे चालत नाही.

पदाचं म्हणाल तर टेलिफोन-टेलिग्राफ लाईनचं गणित मांडणाऱ्या ऑलिव्हर हेविसाइडचं उदाहरण बघा. १६व्या वर्षी शाळा सुटलेला माणूस, १८८७ च्या सुमारास सांगत होता की लाईनचा इंडक्टन्स वाढवला तर सिग्नल कमी बिघडतो, आणि ब्रिटिश पोस्ट ऑफिसचे मोठे इंजिनिअर प्रीस त्याच्या विरोधात उभे होते. पुढे लोडिंग कॉइल (लाईनचा इंडक्टन्स वाढवणाऱ्या कॉइल) आल्या आणि हेविसाइड बरोबर ठरला. पण म्हणून डिग्री नसलेला प्रत्येक जण बरोबर असंही नाही हां, हेविसाइडकडे समीकरणं होती.

मी एवढंच बघतो की माणूस अटी आधी सांगतो का, म्हणजे लाईनमध्ये लॉस किती, मध्ये सर्क्युलेटर (परत आलेली पॉवर दुसरीकडे वळवणारा भाग) आहे का, आणि खऱ्या ट्रान्समीटरची आउटपुट स्टेज म्हणजे साधा ५० ओहमचा रेझिस्टर नव्हे हे त्याला माहीत आहे का. तुम्ही दोघांनाही वरचं गणित विचारा, आणि जो उत्तर द्यायच्या आधी "लाईन किती लांब आहे?" असं विचारेल त्याचं पुढचं नीट वाचा.