पालमपूरचं घर, औशाची जमीन आणि तीन महिन्यांची मुदत

लातूरहून एका अव्वल कारकुनांचं पत्र आलंय. येत्या ३० जूनला, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी ते निवृत्त होतायत. १९९५ साली नोकरीला लागल्यामुळे पेन्शन जुनी. पत्रातला मुख्य भाग असा:

“मागच्या मे महिन्यात आठ दिवस हिमाचलात पालमपूरला होतो. खिडकीतून धौलाधारचा बर्फ दिसायचा, नळाला चोवीस तास पाणी. मी २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यालेला माणूस आहे. उरलेलं आयुष्य तिथंच काढावं म्हणतो. जागा आणि बांधकाम मिळून ३८ लाख सांगितलेत. माझे सगळे मिळून ४४ लाख येतील. औशाजवळची तीन एकर कोरडवाहू धाकट्या भावाला देतो, तो वर्षाला दहा असे तीन वर्षांत तीस लाख देईल. पेन्शन हातात साडेछत्तीस हजार येईल, घरखर्च बत्तीस हजार आहे. मुलगा पुण्यात कमावता आहे. सौ. म्हणते, तुम्ही म्हणाल तसं. बरोबर करतोय ना?”

साहेब, पाण्याचं दुःख मला समजतं. त्या एप्रिलमध्ये पहिली गाडी आली तेव्हा पाच लाख लिटर पाणी आलं होतं, आणि आमच्या गल्लीत हंड्यांच्या रांगेत नंबर लावून लोक गाडीचं वेळापत्रक तोंडपाठ म्हणत होते. अशा माणसाला डोंगरातला वाहता नळ दिसला की हिशेब सुचत नाही. म्हणून हिशेब मी करतो.

आधी एक गोष्ट, तुमच्या पत्रात ती कुठंच नाही. हिमाचलात बाहेरच्या माणसाला जमीन अशी सहज घेता येत नाही. तिथल्या १९७२ च्या कूळ आणि जमीन सुधारणा कायद्याचं कलम ११८ आहे. जो हिमाचलातला शेतकरी नाही, त्याला जमीन घ्यायला सरकारची परवानगी लागते. तुमचा औशाचा सात-बारा तिथं उपयोगाचा नाही, कारण त्या कायद्याला शेतकरी म्हणजे हिमाचलातली जमीन कसणारा. घरासाठी परवानगी मिळते, तीही पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जागेला, आणि तिच्यासाठी रीतसर अर्ज, कागद, वाट बघणं सगळं आलं.

पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय की एजंट म्हणतो, “जागा गावातल्या माणसाच्या नावावर घेऊ, तुमच्या नावानं मुखत्यारपत्र करून देऊ, इथं सगळे असंच करतात.” महसूल खात्यात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला बेनामी म्हणजे काय हे मी सांगायला नको. २०१६ च्या दुरुस्तीनंतर त्यात मालमत्ता तर जप्त होतेच, वर सात वर्षांपर्यंत कैद आणि बाजारभावाच्या पंचवीस टक्क्यांपर्यंत दंड आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, ज्याच्या नावावर जागा आहे तो उद्या वारला की तुम्ही त्याच्या पोरांच्या दारात उभे. त्या एजंटाचा फोन उचलू नका.

बरं, परवानगी काढून सगळं रीतसर केलंत असं धरू. तरी ते घर विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक कोण? हिमाचली शेतकरी, नाहीतर तुमच्यासारखाच परवानगीच्या रांगेत उभा राहणारा. म्हणजे घाईत पैसा मोकळा होणार नाही. आणि साठीनंतरची घाई बहुतेक वेळा दवाखान्याची असते.

आता मुदतीचं. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एरवी साठ वर्षं पूर्ण लागतात. पंचावन्न ते साठच्या दरम्यान निवृत्त झालेल्याला आत जाता येतं, पण निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत भरले तरच. मर्यादा तीस लाख, मुदत पाच वर्षं, व्याज दर तिमाहीला. ८.२ टक्के दर धरला तर तिमाहीला ६१,५०० रुपये, म्हणजे महिन्याला साडेवीस हजार. पेन्शनसह महिना सत्तावन्न हजार झाले. तुमचा खर्च बत्तीस.

तुमच्या बेतात मात्र ३८ लाख डोंगरात गेले, हातात सहा उरले आणि भावाचा पहिला हप्ता पुढच्या वर्षी. तोवर तीन महिने केव्हाच उलटलेले असतील. मग साठपर्यंत थांबा. दरम्यान साडेछत्तीस हजारांत लातूरचं घर, पालमपूरचं घर आणि मधला प्रवास. बसेल का गणित? ओढाताण होईल, आणि भावाचा दुसरा हप्ता सोयाबीनच्या भावावर अवलंबून असेल हे तुम्हालाही माहीत आहे.

जमिनीचं मी थोडं लांबण लावून सांगणार आहे, कारण तुम्ही तिला मोडीत काढल्यासारखं लिहिलंय. कराची चिंता नाही. तुमचं शिवार औशापासून अकरा किलोमीटरवर आहे असं तुम्ही लिहिलंय; नगरपालिका हद्दीच्या ठरावीक अंतरापलीकडची शेतजमीन प्राप्तिकराच्या लेखी भांडवली मालमत्ताच धरली जात नाही, त्यामुळे विक्रीच्या नफ्यावर कर बसणार नाही. अडचण दुसरीकडे आहे. तीनही एकर दिलेत आणि दुसरीकडे कुठं तुमच्या नावे जमीन नसेल, तर तुम्ही शेतकरी उरत नाही. महाराष्ट्रात बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नाही. एकदा नाव निघालं की उद्या गावी परतून विहिरीपाशी दोन खोल्या बांधून राहायचं म्हटलं तरी जमीन घ्यायला तुम्ही पात्र नाही, आणि तुमच्यामागे मुलगाही पात्र नाही. भावाला द्यायचीच तर अडीच एकर द्या आणि वीस गुंठे स्वतःकडे ठेवा. तुकडेबंदी कायद्यात जिरायतीचं प्रमाणभूत, म्हणजे कमीत कमी, क्षेत्र वीस गुंठेच आहे, तेव्हा फेरफाराला कुणी आडवं येणार नाही. हप्त्यानं देणार असाल तर भावाशीही लेखी करा. सख्खा भाऊ आहे म्हणूनच करा.

मी हे पुस्तकातून शिकून सांगत नाही. पंधराएक वर्षांपूर्वी मी स्वतः सह्याद्रीतल्या एका तालुक्यात डोंगरउतारावर पाच गुंठे घेतले होते. चुन्याच्या रेघा मारलेल्या, लोखंडी खांबावर लाल रंगानं नंबर घातलेला, माझा एकोणीस. विकणाऱ्यानं चहा पाजला, धुकं दाखवलं. सात-बारा आला तेव्हा त्यावर माझ्यासकट तेवीस नावं होती, सगळी सामायिक. आजवर ना मोजणी स्वतंत्र झाली, ना बांधकामाला परवानगी. खांब गंजून पडला असं गेल्या वर्षी गेलो तेव्हा कळलं. घरी अजूनही एकोणीस आकडा निघाला की बायको माझ्याकडे बघते.

मग डोंगर सोडून द्यायचा का? नाही. भाड्यानं जा. तुम्हीच लिहिलंय की खाली दोन खोल्या महिना चौदा हजारांनी मिळत होत्या. चार महिन्यांचे छप्पन्न हजार होतात. बचत योजनेचं वर्षाचं व्याज दोन लाख सेहेचाळीस हजार; त्याच्या पावभागातही हे भाडं बसतं, आणि तीस लाखांना हात लागत नाही.

फक्त जायचं कधी, हे मी सांगेन तसं करा. मे महिन्यात लातूरच्या माणसाला कुठलाही डोंगर गोड लागतो. पहिली खेप पंधरा जुलै ते ऑगस्टअखेर. पालमपूर साधारण १,२०० मीटरवर आहे आणि तिथं वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आपल्याकडं आठशेच्या आसपास पडला तरी चांगलं साल म्हणतो. सहा आठवडे कपडे वाळत नाहीत, कपाटातल्या चपलांवर पांढरी बुरशी धरते, रस्ता खचला की भाजीची गाडी येत नाही. २०२३ च्या पावसाळ्यात हिमाचलात काय झालं ते तुम्ही टीव्हीवर पाहिलंच असेल. २०२२ च्या ऑगस्टमध्ये पठाणकोटहून येणाऱ्या छोट्या रेल्वेचा चक्की नदीवरचा पूलच पुरात कोसळला. दुसरी खेप जानेवारीत. सकाळी सहाला उठून वहिनींच्या गुडघ्यांना विचारा. आणि जिन्याच्या, चढाच्या पायऱ्या मोजा. दुकानापासून घरापर्यंत भाजीची पिशवी घेऊन स्वतः चढून बघा.

पाण्याचंही एक सांगतो. डोंगरात पाणी असतंच असं नाही. २०१८ च्या मे-जूनमध्ये सिमल्यात टँकरमागे रांगा होत्या. पालमपूर म्हणजे सिमला नव्हे, पण घरमालकाला विचारा की पाणी योजनेचं आहे की झऱ्याचं, आणि जूनमध्ये किती तास येतं. शेजाऱ्यालाही विचारा, घरमालक खरं सांगेलच असं नाही.

आणि ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. तुम्ही तेव्हा पंचविशीचे. किल्लारीत माणसं दगड-मातीच्या भिंतींखाली गेली. कांगडा खोऱ्यात ४ एप्रिल १९०५ ला असाच भूकंप झाला, त्यात वीस हजारांच्या आसपास माणसं दगावली, आणि तो पट्टा देशातल्या सर्वांत धोक्याच्या भूकंपक्षेत्रांतला आहे. भाड्याची खोली बघतानाही खांब-तुळया बघा, पाटीवरचं नाव नंतर. घर बांधायचं म्हणाल तर ३८ लाखांत भूकंपरोधक बांधकाम धरलंय का, हे त्या एजंटानं सांगितलेलं दिसत नाही.

प्रवास सोपा आहे, तेवढं एक बरं. परभणीहून सचखंड एक्सप्रेस पकडली की साधारण दीड दिवसात जालंधर, तिथून पुढं पठाणकोटमार्गे रस्त्यानं. पण मुलाला पुण्याहून रातोरात यायचं असेल तर ते सोपं नाही. दवाखाना म्हणून कांगड्याजवळ टांड्याला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे; तिथं एकदा बाह्यरुग्ण विभागात रांगेत उभे राहून या, म्हणजे अंदाज येईल. वहिनींना साखर आहे असं लिहिलंत. त्यांची आरोग्य पॉलिसी निवृत्तीआधीच घ्या. आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, ती वर्षं आतापासून सरू द्या. वैयक्तिक आरोग्य विम्यावर सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीही नाही. रोकडविरहित (कॅशलेस) उपचारांची सोय लातूर आणि पालमपूर दोन्हीकडं आहे का तेवढं पाहा.

डोंगरच हवा, हिमालयच असं नाही, असं असेल तर म्हैसमाळला एक पावसाळा राहून बघा, निदान भाषा तरी आपली. महाबळेश्वर-पाचगणीचं नाव घेऊ नका. २००१ पासून तो भाग पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राच्या बंधनात आहे आणि जे आहे ते तुमच्या-माझ्या खिशाबाहेरचं.

पैशाची मांडणी अशी करा. तीस लाख बचत योजनेत, खातं वहिनींसोबत संयुक्त. सहा लाख लातूरच्याच बँकेत मुदत ठेवीत, आजारपणासाठी. उरलेले आठ लाख म्युच्युअल फंडात, थोडे थोडे करून, सात-आठ वर्षं न बघण्याच्या बोलीवर. बचत योजनेचं व्याज पाच वर्षं तेवढंच राहतं आणि भाजीचा भाव राहत नाही, म्हणून. विकलेल्या, म्हणजे आधीच एकरकमी घेतलेल्या, पेन्शनचा भाग पंधरा वर्षांनी परत सुरू होईल, तेव्हा तुम्ही त्र्याहत्तरचे असाल. हे सगळं मी वहिनींकडे बघून करतोय. तुमच्यामागे त्यांना सुरुवातीची वाढीव वर्षं सोडली तर मूळ वेतनाच्या तीस टक्के कुटुंब निवृत्तिवेतन, म्हणजे १९,२०० अधिक महागाई भत्ता. आजच्या भत्त्यानं तीस हजारांच्या घरात. तेवढ्यावर त्या पालमपूरच्या उतारावर एकट्या राहतील का? लातूरचं घर विकायचा विचार पत्रात नाही, तो मनातही आणू नका.

तुमचं पत्र चार पानांचं आहे. त्यात वहिनींचं वाक्य एकच, आणि तेही “तुम्ही म्हणाल तसं”. जुलैची तिकिटं काढण्याआधी त्यांना एकदा तुमच्याशिवाय, त्यांच्या बहिणीसमोर विचारा, की वर्षाचे चार महिने शेजारी कुणी मराठी बोलणारं नसेल तर चालेल का. उत्तर काहीही येवो, मला कळवा. आणि बचत योजनेचा अर्ज ३० जूनच्या आधीच आणून भरून ठेवा, पैसे जमा होतील त्या आठवड्यात पोस्टात जाता येईल.