खांदा बसला, पण धरला का?

प्रश्न : माझी लेक १७ वर्षांची आहे, कबड्डीत डावी कोपरारक्षक. अडीच महिन्यांपूर्वी साखळीत असताना चढाईपटू मधे घुसली, हात मागे ओढला गेला आणि उजवा खांदा निखळला. मैदानावरच एका जाणत्या गृहस्थांनी तो ओढून बसवला. तीन आठवडे झोळी होती. आता अजिबात दुखत नाही. परवा स्कूटरवर मागे बसून सॅक चढवताना मात्र ‘आई, सटकतोय’ म्हणाली. निवड चाचणी महिन्यावर आलीय. खेळू द्यावं का?
— एक आई, धायरी

उत्तर : ताई, या चाचणीला नको. तिला रडू येईल, मला ठाऊक आहे. नारायण पेठेतल्या माझ्या क्लिनिकमध्ये या वयाच्या मुलींना हे सांगताना माझ्याही पोटात तुटतं. पण तिचं ते ‘सटकतोय’ सोडून देण्यासारखं नाही.

माझ्या टेबलाच्या खणात एक चमचा आणि एक लिंबू कायम असतं. शाळेतली लिंबू-चमचा शर्यत आठवते ना? दंडाच्या हाडाचं डोकं म्हणजे ते लिंबू आणि खवाट्याची वाटी म्हणजे चमचा, तोही फार उथळ. मांडीचं हाड खुब्यात खोल बसतं. खांद्याला तेवढी खोली नाही, म्हणून तर हात पाठीमागे वेणीपर्यंत पोचतो. वाटीच्या कडेला एक चिवट गादी असते, लॅब्रम. ती वाटीला थोडी खोली देते. आणि लिंबू जागच्या जागी दाबून धरतात रोटेटर कफचे चार स्नायू.

कोपर खांद्याच्या उंचीला आणि पंजा मागे, अशा स्थितीत हिसका बसला की लिंबू पुढच्या बाजूने घरंगळतं आणि जाताना ती कड उचकटतं. लंडनचे सर्जन बँकार्ट यांनी १९२३ साली या इजेचं वर्णन केलं, आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. उचकटलेली कड बहुतेकदा मूळ जागी नीट चिकटत नाही. दुखणं मात्र ओसरतं आणि घरचे तिथेच फसतात. विशीच्या आत खांदा निखळला आणि मुलं पुन्हा अंगाला अंग भिडणाऱ्या खेळात उतरली, तर निम्म्याहून जास्त जणांचा तो परत निखळतो.

म्हणून मी ‘दुखतंय का’ एवढ्यावर थांबत नाही. मुलीला उताणं झोपवते, हात बाजूला काटकोनात, कोपर वाकवलेलं, आणि पंजा हळूहळू डोक्याकडे नेते. कड सुटलेली असेल तर कळ येण्याआधीच चेहरा बदलतो. बोलता बोलता ती गप्प होते, छातीचा स्नायू ताठ होतो आणि दुसऱ्या हाताने माझं मनगट घट्ट धरते. ‘मॅडम, नको.’ मी तिथेच थांबते. घरी हे करून बघू नका.

हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, एक्स-रे आणि एमआरआय लागेल. कड शिवायची ठरली तर पकडी करायला साधारण सहा महिने धरा. तोवर कोपर कमरेला चिकटवून रबर बँडचे व्यायाम, तेही फिजिओथेरपिस्टकडून शिकून. जोर नकोत, जिममध्ये मानेमागून दांडी ओढणं बंद. सॅक आणि कुडत्याची बाही आधी उजव्या हातात घालायची, म्हणजे तो मागे न्यावा लागत नाही.

आणि त्या गृहस्थांचा हेतू चांगलाच होता, तरी संघातल्या सगळ्यांना सांगा : मैदानावर खांदा ओढायचा नाही. हाडही मोडलेलं असू शकतं, शिवाय दंडाच्या हाडाला वळसा घालून एक नस जाते. लस टोचतात तिथली कातडी बधिर वाटते का, हे डॉक्टर खांदा बसवायच्या आधी तपासतात. हात आहे तसा आधाराने धरून थेट दवाखाना गाठायचा.

प्रश्न : वय ५६, रोज बॅडमिंटन. हात बाजूने वर नेताना मधल्या टप्प्यात कळ येते, पूर्ण वर गेला की जाते. हात बांधून ठेवू का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : बांधू नका, खांदा आखडेल. कफची एक दोरी खांद्याच्या हाडाखालून जाते, बहुधा ती तिथे दुखावली आहे. स्मॅश थांबवा, तपासून घ्या. रक्तातली साखरही बघा, मधुमेहात खांदा लवकर आखडतो.