जर्मनीत बसून लेखनाची बिलं पाठवायची असतील तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: यजमानांना म्युनिकमध्ये ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा निवास परवाना) नोकरी मिळाली आहे, दोन-तीन महिन्यांत तुम्ही नाशिकहून तिकडे जाणार. शिक्षण फार्मसीचं, औषध कंपनीत मंजुरीची कागदपत्रं लिहिण्याचा अनुभव. जर्मन पक्कं होईपर्यंत इंग्रजीत, जमल्यास मराठीतही, ऑनलाइन लेख लिहून कमाई होईल का आणि सुरुवात कुठून करायची?

होईल. पहिल्या वर्षी त्यातून घरभाडं निघेल असं मात्र धरून चालू नका. आणि सुरुवात लेखापासून नाही, कागदांपासून करा. इथे लोक लिहिण्यात कमी अडकतात, विमा आणि कर यांत जास्त अडकतात.

आधी परवानगी. ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराच्या व्हिसावर आणि नंतर मिळणाऱ्या कार्डावर ‘एअरवेर्ब्सटेटिशकाइट एरलाउब्ट’, म्हणजे ‘कमाईला परवानगी’, असं लिहिलेलं असतं. त्यात नोकरी आणि स्वतंत्र व्यवसाय दोन्ही येतात, त्यामुळे तुम्हाला वेगळी परवानगी लागत नाही. हे वाचणाऱ्या विद्यार्थ्यांनी आपलं कार्ड नीट बघावं. त्यांना नोकरीचे ठरावीक दिवस मिळतात, पण स्वतःच्या नावाने बिल फाडायला परदेशी नागरिक कार्यालयाची स्वतंत्र परवानगी लागते. ‘क्लायंट पुण्याचा, पैसे आईच्या खात्यात, मग जर्मनीचा काय संबंध?’ हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो आणि तो चुकीचा आहे. तुम्ही म्युनिकमध्ये बसून लिहिलंत तर काम म्युनिकमध्ये झालं. इथे राहणाऱ्याचं जगभरातलं उत्पन्न इथल्या करखात्याला सांगावं लागतं, मग पैसे कुठल्याही खात्यात येवोत.

पोहोचल्यावर १४ दिवसांच्या आत पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग. त्याला घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. भाडेकरार दाखवून भागत नाही. त्यानंतर ११ आकडी कर-ओळख क्रमांक टपालाने येतो. मग एल्स्टर या सरकारी पोर्टलवर खातं उघडायचं, त्याचा ॲक्टिव्हेशन कोडही टपालानेच येतो. इथेच गंमत होते. जर्मन पोस्टमन घराचा नंबर बघून पत्र टाकत नाही, पेटीवरचं आडनाव बघून टाकतो. पेटीवर फक्त यजमानांचं आडनाव असेल आणि तुमच्या पासपोर्टावर माहेरचं असेल, तर पत्र ‘पत्त्यावर व्यक्ती सापडली नाही’ म्हणून परत जातं आणि तुम्ही महिनाभर करखात्याला दोष देत बसता. घराची किल्ली मिळाली त्याच दिवशी पेटीवर आणि बेलवर दोन्ही आडनावं चिकटवा, पासपोर्टात आहेत त्याच स्पेलिंगने. इमारतीत पाट्या बसवायचं काम हाउसमाइस्टरकडे, म्हणजे इमारतीची देखभाल करणाऱ्याकडे, असेल तर तोवर चिकटपट्टीवर लिहून लावा, चालतं.

काम सुरू केल्यापासून महिन्याभरात एल्स्टरवरून करनोंदणीची प्रश्नावली भरायची असते. व्यवसायाच्या रकान्यात काय लिहिता त्यावर पुढचं बरंच ठरतं. पत्रकार, लेखक, अनुवादक हे जर्मन आयकर कायद्याच्या कलम १८ नुसार फ्रायबेरूफ्लर, म्हणजे मुक्त व्यावसायिक. त्यांना व्यापार नोंदणी लागत नाही, व्यापार करही नाही. तेव्हा ‘मुक्त पत्रकार आणि लेखिका, विषय औषधनिर्माण’ असं साधं लिहा. ‘ऑनलाइन बिझनेस’, ‘ब्लॉगिंग’, ‘डिजिटल मार्केटिंग’ असं मोघम लिहिलंत की फिनान्त्सआम्टमधून, म्हणजे कर कार्यालयातून, उलट प्रश्न येतात. स्वतःच्या साइटवर जाहिराती किंवा ॲफिलिएट लिंक टाकून मिळवलेले पैसे मात्र व्यापारात, म्हणजे गेवेर्बेमध्ये मोडतात. त्यासाठी गेवेर्बेआम्टात, म्हणजे व्यापार नोंदणी कार्यालयात, जाऊन थोडी फी भरून वेगळी नोंद करायची आणि हिशेबही वेगळा ठेवायचा.

त्याच प्रश्नावलीत वर्षाच्या अपेक्षित नफ्याचा आकडा विचारतात. उत्साहाच्या भरात मोठा आकडा टाकू नका. त्यावरूनच १० मार्च, १० जून, १० सप्टेंबर आणि १० डिसेंबर या तारखांना आगाऊ कर मागितला जातो. क्लाइनउंटरनेमर, म्हणजे छोटा व्यावसायिक, हा पर्याय निवडा: मागच्या वर्षीची उलाढाल २५,००० युरोपर्यंत आणि चालू वर्षाची १,००,००० च्या आत असेल तर बिलावर व्हॅट लावावा लागत नाही. बिलावर तुमचं आणि क्लायंटचं नाव-पत्ता, कर क्रमांक, तारीख, ओळीने येणारा बिल क्रमांक, कोणता लेख, कधी दिला, रक्कम आणि ‘व्हॅट कायद्याच्या कलम १९ नुसार व्हॅट आकारलेला नाही’ हे वाक्य असू द्या.

व्हॅटमधला एक खड्डा भल्याभल्यांना दिसत नाही. तुम्ही छोट्या व्यावसायिक असलात तरी परदेशी कंपनीकडून व्यवसायासाठी घेतलेल्या सेवेवर, म्हणजे एखाद्या सॉफ्टवेअरचं वर्गणीबिल किंवा प्लॅटफॉर्मचं कमिशन व्हॅटशिवाय आलं असेल तर, १९ टक्के व्हॅट तुम्हीच जाहीर करून भरायचा असतो (व्हॅट कायद्याचं कलम १३ब). तो परतही मिळत नाही. महिन्याला २० युरोचं व्याकरण तपासणारं ॲप प्रत्यक्षात २३ युरो ८० सेंटला पडतं. आणि आयर्लंड, नेदरलँड्स अशा युरोपीय संघातल्या कंपनीला बिल पाठवायचं असेल तर वेगळा व्हॅट क्रमांक लागतो. तो प्रश्नावली भरतानाच मागून घ्या, फुकट मिळतो.

आता विमा. हा भाग दोनदा वाचा. यजमान सरकारी पद्धतीच्या क्रांकनकासेत, म्हणजे आरोग्य विमा संस्थेत, असतील तर तुम्ही त्यांच्या विम्यावर मोफत येता. चांगला पगार असणाऱ्यांना खासगी विम्याचे एजंट गाठतात आणि एकट्या माणसाचा स्वस्त हप्ता दाखवतात. खासगी विम्यात जोडीदार मोफत नसतो, तुमचा हप्ता वेगळा पडतो. यजमानांनी सही करायच्या आत हे त्यांच्या कानावर घाला.

मोफत विम्याला उत्पन्नाची मर्यादा आहे: २०२६ साली महिन्याला ५६५ युरो. ही रक्कम नफ्याची, म्हणजे खर्च वजा जाता उरणारी. यात फक्त लेखन मोजत नाहीत. भारतातल्या एफडीचं व्याज, नाशिकच्या फ्लॅटचं भाडंही धरतात. मर्यादा ओलांडली आणि ऐच्छिक सभासद व्हावं लागलं तर किमान हप्ताच अडीचशे युरोच्या वर जातो. म्हणजे महिन्याला ५५० कमावणारीच्या हातात ५५० राहतात आणि ७०० कमावणारीच्या हातात साडेचारशेपेक्षा कमी. पुन्हा ५६५ हातात पडायला आठशेच्या पुढे जावं लागतं. या दोन आकड्यांच्या मधे रेंगाळण्याइतकं तोट्याचं काही नाही. आठवड्याला वीसेक तासांच्या वर काम जाऊ लागलं तर उत्पन्न कमी असूनही क्रांकनकासे तुम्हाला पूर्णवेळ व्यावसायिक ठरवू शकते, हेही ध्यानात असू द्या.

यावर लेखकांसाठी एक खास सोय आहे, ती बहुतेक भारतीयांना माहीत नसते: क्युन्स्टलरझोत्सियालकासे, सगळे केएसके म्हणतात. कलाकार आणि लेखक-पत्रकारांसाठीची ही सामाजिक विमा संस्था. ती नोकरदाराच्या मालकासारखी आरोग्य, शुश्रूषा आणि पेन्शनच्या हप्त्याचा साधारण अर्धा वाटा उचलते. तुमच्या वाट्याला नफ्याच्या अंदाजे पाचवा हिस्सा येतो आणि त्यातला जवळपास निम्मा तुमच्याच पेन्शनमध्ये जमा होतो. लेखनातून वर्षाला ३,९०० युरोपेक्षा जास्त नफा होत असेल तर केएसकेला कळवणं कायद्याने बंधनकारक आहे, ऐच्छिक नाही. म्हणजे खऱ्या अर्थाने लेखन करणारीसाठी ही रेघ ५६५ च्याही आधी येते. पहिली तीन वर्षं नवोदितांना किमान उत्पन्नाची अट नसते. अर्जासोबत करार, बिलं, बँकेत पैसे आल्याचे पुरावे आणि तुमच्या नावाने छापलेले लेख मागतात. म्हणून पहिल्या दिवसापासून नावाने छापून येणारं काम थोडं तरी घ्या; सगळंच बिननावी लिहिलंत तर दाखवायला काही उरत नाही. संरक्षण अर्ज पोहोचल्या दिवसापासून धरतात, मागच्या तारखेने नाही, तेव्हा चालढकल नको.

कराचं गणितही समजून घ्या. २०२६ मध्ये माणशी १२,३४८ युरोपर्यंतचं उत्पन्न करमुक्त, जोडप्याला दुप्पट. पण एकत्र विवरण भरताना ती सूट यजमानांच्या पगारातच संपलेली असते, त्यामुळे तुमच्या पहिल्या युरोपासून वरच्या दराने कर लागतो. प्रत्येक बिलातले ३० टक्के वेगळ्या खात्यात टाका आणि ते खातं विसरा. दुसऱ्या वर्षी मागच्या वर्षाचा कर आणि चालू वर्षाचे आगाऊ हप्ते एकदमच दारात येतात, तेव्हा ते आठवेल.

हे झालं की लेखन. सामान्य विषयांवरचं स्वस्त लेखन, ‘त्वचेसाठी दहा घरगुती उपाय’ छापाचं, २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं तेव्हापासून आटत गेलं. तिथे शिरूच नका. तुमच्याकडे जे आहे ते यंत्राकडे नाही: औषधाच्या मंजुरीचा अर्ज कुठे अडतो, युरोपीय औषध संस्थेचा कागद कसा वाचायचा. संशोधन करून देणाऱ्या कंपन्या, औषधक्षेत्राला सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्या, व्यापारी मासिकं यांना इंग्रजी लेख लागतात. म्युनिक आणि बर्लिनमधल्या कितीतरी कंपन्यांचा ब्लॉग इंग्रजीतच असतो.

निघायच्या आधी हजार ते दीड हजार शब्दांचे तीन नमुने तयार ठेवा: एक नियम समजावणारा, एक दोन पद्धतींची तुलना करणारा, एक मुलाखतीवर आधारलेला. जुन्या कंपनीचे कागद नमुना म्हणून दाखवू नका, गोपनीयतेचा करार नोकरी सोडल्यावरही लागू असतो. ईमेल दीडशे शब्दांच्या आत: त्यांच्या ब्लॉगवर कोणता विषय सुटला आहे, त्यावर दोन शीर्षकं, तुमची पात्रता एका वाक्यात, दोन नमुन्यांच्या लिंक. ‘मला संधी द्या’ हे वाक्य नको. उत्तर नाही आलं तर आठवड्याने एकदा आठवण, मग सोडून द्या. आठवड्याला अशा दहा नीट लिहिलेल्या ईमेल पुरतात. शंभर ठिकाणी तोच मजकूर पाठवणं म्हणजे वेळेची नासाडी.

भाव शब्दावर नाही, लेखावर सांगा, पण मनात तासाचा हिशेब करा. हजार शब्दांच्या अशा लेखाला वाचन अडीच तास, लेखन अडीच, सुधारणा एक, क्लायंटच्या शंकांना एक, असे सात तास जातात. शब्दाला दोन सेंट म्हणजे २० युरो, तासाला तीनसुद्धा नाहीत. इथलं किमान वेतन २०२६ मध्ये तासाला १३ युरो ९० सेंट आहे. तुमच्या विषयाला लेखामागे १५० युरोपासून बोलायला सुरुवात करा. त्यात दोन वेळा दुरुस्ती, तिसरीला वेगळे पैसे, हे ईमेलमध्ये आधीच लिहा. फुकट चाचणी-लेख मागणाऱ्याला नमुन्यांची लिंक पाठवा.

पैसे वेळेवर येतीलच असं नाही. बिलावर १४ दिवसांची मुदत टाका. जर्मन कंपनीने ती उलटू दिली तर आधी सौम्य आठवण, मग रीतसर मानुंग, म्हणजे थकबाकीची लेखी मागणी. थकबाकीदार कंपनीकडून व्याज आणि वर ४० युरो मागायचा कायदेशीर हक्क तुम्हाला आहे. भारतीय क्लायंटकडून निम्मे पैसे आगाऊ घ्या आणि आपण आता अनिवासी आहोत हे त्यांना सांगा, कारण टीडीएसचे नियम बदलतात. बँकेलाही कळवून साधं बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं रुपयातलं खातं) करून घ्यायचं असतं. एकाच क्लायंटवर सगळी भिस्त ठेवलीत तर पैशाची जोखीम आहेच, शिवाय ‘हा छुपा नोकर आहे’ असा संशय यंत्रणांना येतो.

लेख यंत्राने लिहिला का हे तपासणारी साधनं माणसाच्या लेखनावरही बोट ठेवतात, विशेषतः आपल्यासारख्यांच्या नीटनेटक्या इंग्रजीवर. म्हणून मसुदा गूगल डॉक्समध्येच लिहा. कोणत्या दिवशी कोणता परिच्छेद बदलला याचा इतिहास तिथे राहतो, वाद झाला तर तो उघडून दाखवता येतो.

स्वतःची साइट काढलीत तर तळाशी इम्प्रेसुम, म्हणजे साइट कोणाची हे सांगणारी माहिती, हवीच: नाव, खरा पत्ता, ईमेल. पोस्ट बॉक्स चालत नाही. गूगलवर सापडलेला फोटो उचलून लावू नका. वकिलाचं आबमानुंगचं, म्हणजे हक्कभंगाच्या कायदेशीर नोटिशीचं, पत्र येतं आणि त्यात शेकड्यांनी युरो मागितलेले असतात. ‘माहीत नव्हतं’ या उत्तराला किंमत नाही. स्वतः काढा किंवा परवाना वाचून घ्या.

मराठीत लिहिण्याबद्दल: जरूर लिहा, ॲडसेन्स मराठी साइटला चालतं, दिवाळी अंकही आहेत. पण म्युनिकच्या भाड्यासमोर ते मानधन नाममात्र आहे, त्याला कमाईच्या रकान्यात धरू नका. जर्मन बी२ पातळीपर्यंत (सहा पातळ्यांपैकी चौथी) नेलंत तर जर्मन कागद वाचून इंग्रजीत लिहिता येईल आणि तुमचा भाव खरा तिथे वाढेल.

नाशिक सोडण्यापूर्वी करायचं एवढंच: विवाह प्रमाणपत्र, पासपोर्ट आणि पदवीवरचं नाव एकसारखं आहे का बघा, पदवीच्या प्रती स्कॅन करा, जुन्या वरिष्ठांकडून अनुभवाचं पत्र इंग्रजीत घ्या आणि भारतीय सिमकार्ड चालू ठेवून रोमिंग सुरू करून घ्या. बँकेचा ओटीपी म्युनिकमध्येही त्याच नंबरवर येतो.