कंपनीच्या ऑब्जेक्ट क्लॉजमध्ये, म्हणजे कंपनी कोणते धंदे करणार ते सांगणाऱ्या कलमात, 'पुढेमागे लागेल' म्हणून सगळे धंदे घालून ठेवावेत का?

अजिबात नाही. मसाल्यांची कंपनी काढताय ना? मग सीएने पाठवलेल्या मसुद्यातला जमीनजुमला, फायनान्स, सॉफ्टवेअर आजच खोडा.

आमचं पावडर कोटिंगचं काम आहे, भोसरीत. भागीदारी मोडून प्रायव्हेट लिमिटेड केली तेव्हा आतेभावाचे 40 टक्के शेअर, आतोबांचे 30 आणि माझे 30. मेमोरँडमचा (कंपनीची घटनाच म्हणा, ऑब्जेक्ट क्लॉज यातच असतो) मसुदा आला त्यात कोटिंग एका ओळीत आणि मग बांधकाम, प्लॉटिंग, हॉटेल, काय वाटेल ते. आतेभावानेच घालायला लावलेलं. वर मला म्हणतो, "दादा, कागदच आहे तो, वाचतंय कोण?" मी म्हटलं, कोणी वाचत नसेल तर काढायला काय हरकत आहे? सगळं काढल्यावरच सही केली.

पुढे खात्यात चार पैसे साठले आणि या गड्याने तळेगावकडे जमीन घेऊन, तुकडे पाडून विकायची टूम काढली. कंपनीच्या पैशातून. बोर्डावर ते बापलेक आणि मी एकटा, म्हणजे तिथे माझं काही चालणार नव्हतं. पण मेमोरँडममध्ये जमिनीचा धंदाच नाही! तो घालायचा तर भागधारकांचा विशेष ठराव लागतो, म्हणजे विरोधातल्या मतांच्या किमान तिप्पट मतं बाजूने हवीत. त्यांची 70, माझी 30. घ्या आता. आतोबा सगळ्या भावकीत सांगत फिरले की मी पोराच्या पायात पाय घातला. जमिनीत त्याने कमावलंही असतं, मी कुठे नाही म्हणतो? स्वतःच्या पैशाने कमवावं.

आणि हा नियम काही मी शोधलेला नाही. इंग्लंडमध्ये रेल्वेचे डबे बनवणाऱ्या अ‍ॅशबरी कंपनीने बेल्जियममधल्या रेल्वेमार्गाच्या बांधकामाचा करार केला होता. तो उद्देशाबाहेरचा ठरला, आणि सगळे भागधारक हो म्हणाले तरी असा करार कायदेशीर होत नाही असा निकाल 1875 साली लागला.

लांबलचक यादीची सवय जुन्या 1956 च्या कायद्यातली. त्यात 'इतर उद्देश' असा वेगळा भागच होता. 2013 च्या कायद्यात तो नाही, तरी लोक जुनेच मसुदे चिकटवतात. आता मुख्य उद्देश आणि त्यासाठी लागणाऱ्या बाबी, एवढंच. कर्ज काढणं, स्वतःच्या कारखान्यासाठी जागा घेणं हे दुसऱ्या भागात बसतं, त्यासाठी रिअल इस्टेट लिहायची गरज नाही.

तुम्ही लिहा: मसाले, लोणची, पापड, तयार पिठं बनवणं, पॅक करणं, ठोक, किरकोळ, ऑनलाइन विक्री आणि निर्यात. सोबत 'खाद्यपदार्थ' हा मोघम शब्दही ठेवा, उद्या चटण्या काढाल. कंपनी नोंदणीचा फॉर्म स्वतः भरता येईल का विचारलंत, तर भरा, पण प्रॅक्टिस करणाऱ्या सीए, सीएस (कंपनी सेक्रेटरी) अशा व्यावसायिकाची सही लागतेच.

एक सांगायचं राहिलं. घट्ट क्लॉज दोन्हीकडून कापतो. मला उद्या कोटिंगसोबत दुसरं काही सुरू करायचं झालं तर आतेभाऊ मला तसाच अडवेल, आणि अडवेलच. तुमचे सगळे भागीदार एकमताचे असतील तर बदल अवघड नाही: ठराव करायचा, 30 दिवसांत त्या ठरावाचा एमजीटी-14 हा फॉर्म भरायचा. एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) काढणार असाल तर मात्र यातलं बरंचसं लागू नाही, तिथे सगळा खेळ करारनाम्याचा.